'हात लावल्यानं काय हुतंय' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या बहुतेक ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, सोसायटीच्या, तालमीच्या, आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तर दोनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मार्टात सुट्ट्या मालात हात घालून बघणं ही आपली जुनी पद्धत आहे, शिजवल्यावर जंतू मरतातच, सेकंदभर हात लागल्यानं काय होत नाही, कोल्हापूरकरांचं पोट दगडाचं, कोरोनात भाज्या धुतल्या त्या फुकटच, परदेशात पण ब्रेड उघडाच असतो, आणि चिमटा-हातमोजे ही प्लास्टिकवाल्यांची चाल. खाली 'पटलं तर पुढं पाठवा'. मला पटलं नाही म्हणून हे टाइप करतोय.

शिजवण्याचा मुद्दा आधी घेतो कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चालतो. तांदूळ, तूरडाळ, बटाटा, वांगं हे घरी जाऊन धुतलं जातं, शिजतं, त्यात कुणी हात घातला म्हणून मी पण आरडाओरड करणार नाही. पण मार्टात सुट्टं काय काय असतं ते एकदा बघा की, भडंग, फरसाण, खजूर, मनुके, काजूतुकडा, खारी, टोस्ट, पनीर, गुळाचे खडे. यातलं शिजवता काय? भडंग कुकरला लावणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. बरं पनीर शिजवता म्हणा, तर शिजवलं की सगळं संपलं असंही नसतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस म्हणून एक जंतू आहे, चांगल्या धडधाकट माणसांत पण दर चार-पाच जणांमागं एकाच्या नाकात तो मुक्कामालाच असतो, त्या माणसाला स्वतःला काही त्रास नसतो. नाकाला हात, तोच हात पनीरला, पनीर तासन्तास फ्रीजबाहेर, की हा वाढतो आणि विष तयार करतो, आणि ते विष उकळलं तरी टिकतं. जंतू मेला तरी त्याचं विष राहतं, आणि जेवल्यावर काही तासांतच उलट्या चालू होतात.

'सेकंदभर हात लागला तर' वाल्यांसाठी, अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात २०१६ साली यावर प्रयोग झालेत, खाली पडलेला खाऊ पाच सेकंदांत उचलला तर चालतो या समजुतीवर. हातावर नाही, स्टील, फरशी, लाकूड, गालिचा यांवर जंतू लावून त्यांनी बघितलं. एका सेकंदाच्या आत पण जंतू चिकटतात असं निघालं, आणि सगळ्यात जास्त चिकटले ते कलिंगडाला, कारण ओलं. म्हणजे कोरड्या फरसाणापेक्षा पनीर आणि कापलेली फळं यांना हात लावणं जास्त वाईट. डब्यातून खाली पडलेली खारी उचलून परत वर ठेवणाऱ्यांनी पण हे वाचावं.

आता दगडाच्या पोटाचं. फॉरवर्डमध्ये गंगावेशीचा दाखला दिलाय, की आम्ही कट्ट्यावर उभं राहून म्हशीची धार समोर काढून घेऊन कच्चं दूध पिणारी माणसं, आम्हाला मनुक्यातल्या हातानं काय होणार. कच्च्या दुधाला धोका नसतो असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही, ब्रुसेलोसिससारखा ताप त्यातून येऊ शकतो, पण ते सोडा. तिथं ग्लास तुमचा आणि पोटही तुमचंच, जे व्हायचं ते तुम्हाला. मार्टातल्या डब्यात हात तुमचा जातो आणि पोट दुसऱ्याचं बिघडतं. त्याच डब्यातले मनुके कुणी तरी दीड वर्षाच्या लेकराला भिजवून देणार असतं, कुणाच्या घरी कॅन्सरचा केमो चालू असतो, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते. तुमची इम्युनिटी जगात भारी असेल, ती त्यांना काय उपयोगाची? आणि पोटं खरंच दगडाची असती तर २०१२ साली इथं शेजारी इचलकरंजीत कावीळ तशी पसरली नसती. ती पाण्यातून पसरली, हाताचा संबंध नव्हता, हे मान्य. पण हिपॅटायटिस ए ही कावीळ संडासहून आल्यावर न धुतलेल्या हातातून पण पसरते, आणि तो हात कुणाचा हे डब्याला कळत नाही.

कोरोनाचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीनंच, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं, सांगितलं की पृष्ठभागाला हात लागून कोरोना होण्याची शक्यता साधारण दहा हजारात एकाहून कमी, म्हणजे आपण पिशव्या धुवून वाळत घातल्या त्या बहुतेक वायाच गेल्या, खरंय. पण तो श्वासातून पसरणारा व्हायरस होता हो. जुलाब-उलट्यांचे जंतू हातातून तोंडात जाणारेच असतात, त्यांचा धंदाच तो. नोरोव्हायरस घ्या, अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात, वस्तूंवर कितीतरी दिवस टिकतो, आणि गंमत म्हणजे सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही, साबण-पाणीच लागतं. दारातल्या बाटलीचा एक फवारा मारून थेट खजुरात हात घालणाऱ्यांची सोय झाली नाही, सॉरी.

परदेशातला ब्रेड उघडा असतो हे अर्धंच सांगितलंय. बऱ्याच ठिकाणी तो काचेच्या खणात असतो आणि चिमट्यानं घ्यायचा असतो. बुफेच्या टेबलावर तोंड आणि पदार्थ यांच्या मध्ये जी तिरकी काच असते ना, तिचं पेटंट अमेरिकेतल्या जॉनी गार्नो नावाच्या हॉटेलवाल्यानं १९५९ मध्ये मागितलं होतं, लोक रांगेत उभं राहून पदार्थांवर शिंकतात म्हणून. म्हणजे तिकडची माणसं पण काय देवमाणसं नाहीत, फक्त तिकडं सोय केली. आपल्याकडं चिमटा असतो, नाही असं नाही, पण सुतळीनं बांधलेला, सुतळी इतकी आखूड की शेवटच्या डब्यापर्यंत पोचत नाही, आणि बघावं तेव्हा तो मुठीसकट मनुक्यात बुडालेला. दहा जणांनी धरलेली मूठ मनुक्यात आणि स्वच्छ टोक वर, अशी आमची तऱ्हा.

'जुनी पद्धत' यावर तर मला सगळ्यात जास्त राग आहे. जुनी पद्धत अशी नव्हतीच. लक्ष्मीपुरीत धान्य घ्यायला गेलं की दुकानदार स्वतः काढून चार दाणे तुमच्या तळहातावर ठेवतो, तुम्ही दातानं फोडून बघता, उरलेले खिशात टाकता नाहीतर तोंडात, पोत्यात परत टाकले तर तो तुम्हाला दुकानाबाहेर काढंल. मंडईत भेंडीचं शेपूट मोडून बघितलं की मावशी लगेच म्हणणार, 'मोडलीसा न्हवं, आता घ्या तेवढी'. आंबा अंगठ्यानं दाबला तर 'दाबू नगासा, वास घ्या की' हे ठरलेलं. समोर माणूस होतं म्हणून हातावर लगाम होता. मार्टात मावशी नाही, एसी आहे, मग तीच माणसं भेंडीच्या ट्रेमध्ये वीस शेपटं मोडून पाव किलो कोवळी निवडून घेऊन जातात आणि बाकीची काळी पडायला ठेवतात, हापूसवर अंगठे उमटवतात, ते उद्या डाग पडून मऊ होणार आणि कुणी तरी ते पैसे देऊन नेणार. यात जंतूंचा काही संबंध नाही, हा सरळ दुसऱ्याच्या मालाचा सत्यानाश आहे.

प्लास्टिकचं म्हणाल तर स्टीलचा चिमटा, पळी आणि झाकण यात प्लास्टिक कुठं आलं? हातमोज्यांबद्दल मात्र फॉरवर्ड बरोबर बोलतोय. सकाळी घातलेल्या एकाच मोज्यानं नोटा मोजायच्या, मोबाईल उचलायचा आणि त्याच हातानं पनीर कापायचं, यापेक्षा साबणानं धुतलेला उघडा हात कधीही बरा.

शेवटची ओळ होती, एवढंच असेल तर दुकानदारानं झाकून ठेवावं, गिऱ्हाईकाला कशाला शिकवता. ठेवावंच. अन्न सुरक्षेचा २००६ चा कायदा दुकानालाच धरतो, सुट्ट्या मिठाईपुढं किती तारखेपर्यंत खावी ती पाटी लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, तीही कितीदा दिसत नाही. तेव्हा झाकण नसेल, चिमटा नसेल तर काउंटरवर मागा, मागून मिळाला नाही तर बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर असतो तो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार टाका. आणि चव बघायची असेल तर तिथल्या पोराला सांगा, कागदावर चार दाणे काढून देतो तो, नाही म्हणत नाही.