किंगपिन लाल करून काढू नका

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. जुन्या ट्रकचा पुढचा एक्सल, त्यात जाम झालेला किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याच्याभोवती डावी-उजवीकडे वळतं तो उभा पिन. गॅसने एक्सलचं टोक लालभडक करायचं, वरून पाणी ओतायचं आणि घणाचे चार घाव घालायचे, की पिन बाहेर. खाली मजकूर असा: प्रेसवर (दाब देऊन पिन काढायच्या यंत्रावर) पैसे घालवू नका, नवीन बुश (पिन ज्यात फिरतो त्या नळ्या) ठोकून बसवा, रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) लागत नाही, आणि वेळेवर ग्रीस मारलं असतं तर पिन जाम झालाच नसता. एका आठवड्यात तिघांनी मला हा व्हिडिओ पाठवला. त्यातल्या एकाने विचारलं, "उद्या असंच करूया का?" नको करूस बाबा. का नको, ते सांगतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो ऐकायला खरा वाटतो. किंगपिन तीन ठिकाणी बसलेला असतो. वर आणि खाली स्टब एक्सलच्या, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या तुकड्याच्या बुशांमध्ये, आणि मधे एक्सल बीमच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या भोकात. ग्रीस निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, ग्रीस जातं ते फक्त दोन्ही बुशांत. मधल्या भोकात पिन घट्ट बसवून कॉटरने, म्हणजे आडव्या पाचरीने, आवळलेला असतो. तिथे तो फिरत नाही, त्यामुळे तिथे ग्रीस पोचायची सोयच नसते. जाम होतो तो नेमका तिथेच. आमच्याकडे चिऱ्याच्या गाड्या येतात. कोकणातला पाऊस, खाणीतला लाल चिखल आणि दहा-पंधरा वर्षं न उघडलेला एक्सल. पाणी त्या फटीत झिरपतं, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून महिन्याला इमानदारीत ग्रीस मारणाऱ्या ड्रायव्हरचाही पिन जाम होतो. त्याला उगाच बोल लावू नये. ग्रीसने बुश वाचतात, आणि तेवढ्यासाठी ते मारायलाच हवं.

आता लाल करण्याबद्दल. पुढचा बीम म्हणजे नुसता लोखंडाचा दांडा नव्हे. तो तापवून, घडवून, पाणी देऊन पुन्हा ठरावीक तापमानाला नरम केलेला असतो. ही शेवटची क्रिया साधारण 500 अंशांच्या वर होते, आणि त्यातूनच त्याला ताकद आणि चिवटपणा दोन्ही मिळतात. तुम्ही टोक लालभडक केलंत म्हणजे 700 अंशांच्या पुढे गेलात. कंपनीने दिलेला चिवटपणा तिथेच गेला. वरून पाणी ओतलंत तर पोलाद काचेसारखं ठिसूळ व्हायची सोय झाली. गाडीच्या पुढचा सगळा भार त्याच टोकांवर येतो, आणि घाटात ब्रेक लावला की आणखी वाढतो.

आणि यातून मिळतं किती? भोक 40 मिलिमीटरचं धरा. पोलाद 100 अंश तापलं तर ते भोक जेमतेम 0.05 मिलिमीटर मोठं होतं. तेवढ्यात आतला पिनही तापतो आणि फुगतो, म्हणजे फायदा तिथेच संपला. वर पाणी ओतलं की आधी बाहेरचं टोक आवळतं, आतला पिन अजून गरमच. पकड उलट वाढते. तरी व्हिडिओत पिन निघाला, कारण ताप-थंडीने गंजाचा थर तडकला असणार. तेच काम पातळ तेल दोन-तीन दिवस मुरवून आणि प्रेसचा दाब देऊन होतं, बीम न बिघडवता.

एक बीम मी विसरलेलो नाही. दुसरीकडे असाच लाल करून पिन काढलेली गाडी वर्षभराने आमच्याकडे आली. एक्सल धुताना भोकाच्या कडेला केसासारखं काहीतरी दिसलं. मी तो भाग रॉकेलने भिजवला, कोरडा पुसला आणि वरून खडू चोळला. पाच मिनिटांत पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मालकाला बोट ठेवून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. बीम बदलला. किंगपिनचा किट त्या बीमच्या तुलनेत किरकोळ किमतीचा, आणि तो बदलायला म्हणून कुणी बीमचा जीव घेतला होता.

घणाचंही सांगतो. पहिली चूक कॉटरची. तो पूर्ण निघाला नसेल तर पिनच्या खाचेत अडकून राहतो, मग हजार घाव घाला. वर-खालच्या टोप्या आणि ग्रीस निपलही आधी काढा. दुसरी गोष्ट, गाडी जॅकवर असताना वरून मारलेला घाव पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर गिळून टाकतात. भोकाखाली भक्कम आधार नसेल तर पिनला काही लागतच नाही. मार खाऊन पिनचं टोक पसरलं की ते बुशातून निघत नाही, आणि पिन वरून कडक केलेला असल्याने त्याचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

"प्रेसवर पैसे घालवू नका" हे मी समजू शकतो, छोट्या गॅरेजकडे 50 टनी प्रेस नसतो. पण एक्सल उतरवून प्रेसवाल्याकडे नेता येतो. तिथे दाब देऊन तसाच ठेवायचा आणि बीमच्या टोकाला बाजूने हातोड्याने टकटक करायची. सुटताना 'कडाक्' असा आवाज येतो, त्या वेळी समोर कुणी उभं राहायचं नाही. इतकं करूनही हलला नाही तर पिनचा बळी द्या. त्याचं कवच कडक असलं तरी गाभा मऊ असतो. तोंड ग्राइंडरने घासून मधोमध आरपार ड्रिल मारलं की पिन आतून ढिला पडतो आणि प्रेसखाली निघतो. वेळ लागतो, मान्य. पिन तसाही भंगारातच जायचा असतो.

रीमरबद्दल अर्धं खरं आहे. काही किटमध्ये बुश तयार मापाचे येतात, त्यांना रीमर लावायचा नसतो. पितळी बुश मात्र ठोकून बसवताना आवळतात. वरचा आणि खालचा एका सरळ रेषेत हवेत, म्हणून लांब रीमर दोन्हींतून एकदमच फिरवतात. एमरी पेपरने घासून पिन "जातोय" एवढं होतं, पण तो एका बाजूला टेकतो, स्टिअरिंग जड होतं आणि बुश लवकर खाल्ले जातात. ग्रीसचं भोक निपलच्या समोर आलंय ना, तेही बसवण्याआधी पाहा. ते चुकलं तर बुश कोरडेच.

व्हिडिओत नाही पण आमच्याकडे सर्रास दिसतं ते म्हणजे बीमचं भोक ढिलं झालं की डब्याचा पत्रा गुंडाळून पिन बसवणं. मोठ्या मापाचा पिन मिळत असेल तर भोक त्या मापाला करून घ्या, नसेल तर बीम बदला. वेल्डिंगचा विचारही नको.

आणि काम झाल्यावर, किंवा गाडी टायर खायला लागल्यावर, पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. तरी राहिला तर किंगपिनचा.