पडद्यावरून कॅथेटर कसा घालावा

२०२० च्या टाळेबंदीत नर्सिंगचे वर्ग मोबाइलवर भरले, तेव्हा नाइलाज होता. नाइलाज संपला म्हणून सोय का सोडायची? तुम्ही नर्सिंग कॉलेजात ट्यूटर असाल आणि वॉर्डात मुलींच्या मागे उभं राहून पाय दुखत असतील, तर या सूचना खास तुमच्यासाठी.

आधी हिशेब बघा. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगला थिअरीचे २० तास भरले की एक क्रेडिट, क्लिनिकलला त्याच एका क्रेडिटसाठी ८० तास. शहाण्याला इशारा पुरे. पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के हवी, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हट्ट आहे खरा. पण हजेरी ही भरायचीच असते, तिची काळजी करू नका.

सुरुवात बीपीपासून करा. कफ दंडाला बांधा, स्टेथोस्कोप कोपराच्या खोलगटात ठेवा आणि मोबाइलचा माईक जवळ न्या. कोरोटकॉफचे आवाज, म्हणजे कफची हवा उतरताना ऐकू येणारे नाडीचे ठोके, बारीक आणि खर्जातले. मोबाइलच्या स्पीकरला तो खर्ज पेलत नाही, आणि मीटिंगचं ॲप तर बोलण्याखेरीज जे काही असेल ते गोंगाट समजून गाळून टाकतं. उरता फक्त तुम्ही, 'आला का आवाज?' विचारणाऱ्या. सगळ्या 'येस मॅम' टाइप करतील आणि १२०/८० लिहितील. एखादी ११७/७३ लिहील, तिला शाबासकी द्या. उपकरण पाऱ्याचं असो की डायलचं, त्यावरच्या खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. ११७ वाचायला डोळे पुरत नाहीत, प्रतिभा लागते. कफ सैल बांधला किंवा जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा उगीच चढून येतो, हवा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर उतरेल अशी सोडायची, हे सगळं स्लाइडवर घाला. फुग्याचा स्क्रू अंगठ्याने किती फिरवला की हवा नेमकी तेवढीच सुटते, हे स्लाइडवर मावत नाही. तेवढं वगळा.

मग कॅथेटरचा, म्हणजे लघवीच्या नळीचा, व्हिडिओ. कॅमेरा समोरच लावा, खांद्यामागून नको. समोरून घेतला की तुमचा उजवा हात मुलींना डावीकडे दिसतो, आणि स्त्री पेशंटला कॅथेटर घालताना सगळा कारभार हातांचाच. एका हाताने लेबिया, म्हणजे योनीमुखाचे ओठ, उघडून धरले की तो हात निर्जंतुक राहिला नाही, प्रोसिजर संपेपर्यंत त्याने ट्रेला शिवायचं नाही. कॅथेटर फक्त दुसऱ्या हाताने. कुठला हात कुठला, हे मुली पुढे पेशंटवर ठरवतील. लघवी दिसली की नळीला मूत्राशयात अडकवून ठेवणारा तिच्या टोकाचा फुगा लगेच फुगवायचा नसतो, कॅथेटर आणखी थोडा आत सरकवून मगच १० मिली स्टराइल वॉटर सोडायचं असतं. एडिटिंग करणाऱ्या पोराला नेमकं तेवढंच कंटाळवाणं वाटतं आणि तो ते कापतो. कापू द्या. मूत्रमार्गातच फुगा फुगला तर पेशंट ओरडतो, रक्त येतं. व्हिडिओतला पेशंट रबराचा आहे, तो गप्प पडून राहतो.

रेकॉर्डिंग दीडपट वेगाने बघायची मुभा जरूर द्या. साबणाने हात धुवायची ४० ते ६० सेकंदं अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटपतात. सीपीआरमधले, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छातीवर द्यायचे, मिनिटाला १०० ते १२० दाब १५० ते १८० होतात. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची असते, या वेगात ती येत नाही आणि हृदयात रक्त भरायला सवड मिळत नाही. पण लेक्चर लवकर संपतं.

सलाईनचं गणित क्विझवर सोपवा. ५०० मिली, ८ तास, मिलीला २० थेंबांचा सेट: मिनिटाला २१ थेंब. हिरवी खूण येते, वर टाळ्यांचा आवाज. वॉर्डात पेशंट कोपर दुमडून झोपतो, बाथरूमला जाताना बाटली कमरेशी धरतो, शेजारी बसलेली मावशी 'लवकर संपू दे' म्हणून थेंबांचा वेग ठरवणारा रोलर स्वतःच फिरवते. मग मनगटावरचं घड्याळ धरून थेंब पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. क्विझमधल्या पेशंटला ना कोपर, ना मावशी.

केअर प्लॅनबद्दल, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्याबद्दल, फार बोलायला नको. पीडीएफ ग्रुपवर फिरतच असते, आता एआयही मदतीला आहे. हर्नियाच्या आजोबांच्या प्लॅनमध्ये 'लोकियाचे (बाळंतपणानंतरच्या स्रावाचे) निरीक्षण करावे' असं सापडलं, तर तेवढी ओळ खोडून सही ठोका.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. व्हिडिओ आदल्या दिवशी बघायला देऊन लॅबचा सगळा वेळ मुलींच्या हाताला मोकळा ठेवायचा, पाच-सहा जणींना एक मॅनिकिन (सरावाचा पुतळा) द्यायचा आणि चुकलं की तिथल्या तिथे हात धरायचा, असं काही कॉलेजांत चालतं. त्याने मुली खरंच शिकतात, आणि मग वर्कशॉपला तंत्रज्ञानावर बोलायला आपल्याजवळ काही उरत नाही.

राहता राहिली स्किल लॅब. शीर टोचायच्या सरावाचा रबरी हात फार नाजूक. आतल्या नळीत लाल पाणी तसंच राहिलं तर बुरशी धरते, म्हणून वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन, निथळून वाळवावी लागते. टोचून टोचून शिरा गळायला लागल्या की नवी नळी मागवा, म्हणजे तीन कोटेशनं आणि ऑफिसच्या चकरा. त्यापेक्षा प्लॅस्टिक काढूच नका. इन्स्पेक्शनच्या सकाळी तेवढं काढा, टेबल पुसून घ्या, आणि टीमने विचारलंच तर सांगा, 'सर, नुकताच आलाय.' दिसतोही तसाच.