सर्टिफिकेटचे पैसे कोण भरतंय ते आधी बघा

आपल्याकडे सध्या घराघरात एकच वाद चालू आहे, पोराला पुण्याला पाठवून 'फुल स्टॅक'चा (म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजूंची कोडिंग) क्लास लावायचा का नाही. एक पार्टी म्हणते हातात सर्टिफिकेट असलेलं कधीही बरं, दुसरी म्हणते आता एआय आलंय, कोडिंग शिकून काय घंटा होणार. आमच्या फॅमिली ग्रुपवर पण हेच, कारण ताईचा मुलगा मेकॅनिकल करून कुपवाड एमआयडीसीत सोळा हजारावर लागलाय आणि त्याला आयटीत जायचंय. मी जर्मनीत स्टुटगार्टला आयटीतच, त्यामुळे दोन्ही पार्ट्या मलाच टॅग करतात.

मला विचाराल तर दोघांचाही हिशोब अर्धवट आहे. फी 85 हजार, एवढंच सगळे धरतात. अरे पण सहा महिने नोकरी सोडणार त्याचे 96 हजार गेले, मिरजेत घरचं खात होता तो आता पुण्यात रूम, मेस, बस धरून महिन्याला दहा तरी घालवणार म्हणजे अजून 60. झाले की 2 लाख 41 हजार! आणि नोकरी लागलीच, साडेतीन लाखाचं पॅकेज मिळालंच, तर हातात येणार पंचवीस-सव्वीस हजार, त्यातले दहा-बारा पुणंच खाणार, म्हणजे पहिल्या वर्षी शिल्लक आत्ताएवढीच किंवा कमीच. फायदा दिसायचा तो तीन-चार वर्षांनी, आणि तेव्हा पगार कामावर वाढतो, सर्टिफिकेट फाइलीत पडलेलं असतं.

आता इकडचं. जर्मनी म्हणजे कागदावर जगणारा देश, बेकरीत पाव भाजायला पण तीन वर्षांचं शिक्षण. प्रोग्रामरचंही तसंच आहे, आउसबिल्डुंग म्हणतात, साधारण तीन वर्षं, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा आणि बाकी कंपनीत काम. पण पोरगं फी भरत नाही, उलट कंपनी त्याला पैसे देते, 2025 मध्ये सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्यानेच महिन्याला किमान 682 युरो. शेवटी जास्तीत जास्त 80 तासांत एक खरं काम करून दाखवायचं आणि परीक्षकांपुढे उभं राहायचं. आमच्या टीममधल्या मुलाने चुकून दोनदा नोंदवलेली डिलिव्हरी चलनं पकडणारा प्रोग्राम केला होता, आणि परीक्षकाने विचारलं, तोच चलन नंबर पुढच्या वर्षी परत आला तर तुझा प्रोग्राम त्याला पण डबल म्हणणार का? दुसऱ्या दिवशी ऑफिसला येऊन आम्हाला सांगताना सुद्धा त्याला घाम फुटलेला. असल्या परीक्षेचं सर्टिफिकेट असेल तर मी पण मान देईन, पण 'कोर्स पूर्ण केला' एवढंच लिहिलेला रंगीत कागद वेगळा आणि हे वेगळं.

"परदेशात जायला उपयोगी पडेल", हे दाजींचं म्हणणं. नाही पडत. नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्याला डिग्री नसली तरी इथलं ब्लू कार्ड, म्हणजे राहून काम करायचा परवाना, मिळू शकतं, पण त्यासाठी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्याच तोडीचा अनुभव आणि ठराविक पगाराची ऑफर लागते. सहा महिन्यांच्या प्रायव्हेट क्लासला त्यात काही किंमत नाही.

सगळीच सर्टिफिकेटं फालतू असं मी म्हणत नाही हां. एडब्ल्यूएसची, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडची, असोसिएट परीक्षा 150 डॉलरची, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, आमच्याकडे बरेच जण देतात, पण पैसे कंपनी भरते कारण अमेझॉनची पार्टनर म्हणून कंपनीला वरचा दर्जा हवा तर सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. सीडॅक या सरकारी संस्थेचा सॉफ्टवेअरचा डॅक कोर्स पण स्वस्त नाही, जीएसटी धरून लाखाच्या वरच, पण तिथे आधी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन आत जावं लागतं, आणि कंपन्यांना खरं तर ती चाळणीच हवी असते. जो क्लास चेक क्लिअर झाला की कोणालाही घेतो त्याच्या कागदाला एचआर का विचारेल?

एआयवाल्या पार्टीला एवढंच, की आम्ही इंटरव्ह्यूला आता एआयने लिहिलेला कोडच समोर ठेवतो आणि यात काय चुकलंय विचारतो. ज्याला कोड येत नाही तो तिथेच गार.

आणि ते 'नो कॉस्ट ईएमआय' नीट वाचा. बऱ्याचदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, पोराच्या नाहीतर बापाच्या नावावर, आणि क्लासला टाळं लागलं तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे गॅरंटी पण नाही.

भाच्याला मी सांगितलंय नोकरी सोडू नको, संध्याकाळी हेलसिंकी विद्यापीठाचा 'फुल स्टॅक ओपन' नावाचा ऑनलाइन कोर्स कर, फुकट आहे, सर्टिफिकेटसकट. कागद हवाच असेल तर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, कोर्स कर, शिकणं फुकट आणि परीक्षेचे हजार रुपये, सेंटरवर जाऊन द्यायची. तो तयार आहे. दाजी नाहीत, त्यांचं म्हणणं फुकट शिकवतात म्हणजे त्यात काहीतरी गडबड असणार.