गुपित कंपनीचं, मग नाव का लपवायचं?

माझी भाची पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणच्या एका कंपनीच्या स्पॉन्सर्ड प्रोजेक्टसाठी तिनं एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केली. आता पेटंटचा अर्ज जातोय. त्यात गाइडचं नाव आहे, कंपनीतल्या साहेबांचं आहे, हिचं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "अगं, तू एनडीए सही केलायस ना?" ताई चिडलीय. भावजी म्हणतात, सबमिशन होईपर्यंत गप्प बस.

मला त्या उत्तराचंच नवल वाटतं. पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी जगजाहीर होतो. जे कंपनी स्वतःच छापणार, त्यावर कुणाचं डोकं चाललं एवढंच तेवढं गुपित?

मी राहते त्या स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या कंपन्यांत प्रबंध करणारे विद्यार्थी ढिगानं आहेत. प्रबंधावर 'अमुक वर्षं कुणाला दाखवू नये' असा शिक्का बसतो, पण मुखपृष्ठावर नाव विद्यार्थ्याचंच. पीएचडीचा प्रबंध तर प्रसिद्ध केल्याशिवाय नावामागे 'डॉक्टर' लावता येत नाही. काम न करता मानाचं लेखकपद घेणं 2019 पासून लागू असलेल्या जर्मन संशोधन परिषदेच्या आचारसंहितेत बसत नाही. तक्रारीसाठी विद्यापीठात लोकपाल असतो. आता, आपल्याच प्रोफेसरविरुद्ध त्याच्याकडे जायला इथलीही पोरं कचरतात, आणि शिक्का बसलेला प्रबंध नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येत नाही, हेही खरं.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ज्या पल्सारांचा, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, अभ्यास चालतो, त्यांतला पहिला 1967 मध्ये जोसलिन बेल या पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या नजरेला पडला. 1974 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो तिचे गाइड अँटनी ह्यूइश यांना. पण शोधनिबंधावर तिचं नाव होतं. भाचीला तेवढंही नाही.

आपला कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे. पेटंट कायद्याच्या कलम 28 नुसार, मालकी कंपनीची असली तरी संशोधक म्हणून नाव नोंदवण्याची मागणी करता येते. नुसती राबणूक पुरत नाही. शोधाचा महत्त्वाचा भाग तिच्या डोक्यातून आलेला असायला हवा. तारखा घातलेली लॅबवही तिच्याकडे आहे.

भावजींची भीतीही खोटी नाही, मार्क त्याच गाइडच्या हातात आहेत. पण मागणी पेटंट मंजूर होण्याआधी केली की झालं, आणि मंजुरी काही महिन्याभरात मिळत नाही. तिचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागेल.