पाचशेची अलाइनमेंट आणि वाकलेला लोअर आर्म: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एक स्टारचा अभिप्राय वाचला. थोडक्यात आपलं म्हणणं असं: जांबुव्याकडून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं. तेव्हापासून सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं राहू लागलं आणि गाडी डावीकडे ओढू लागली. आपण वडोदऱ्यात मकरपुऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपला गाडी दिलीत ती फक्त अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्यासाठी. आम्ही ती अर्धा दिवस ठेवून घेतली, टायर उगाच इकडचे तिकडे केले, अलाइनमेंट केलीच नाही, तपासणीचे ६०० रुपये घेतले आणि वर साडेचार हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. दुसऱ्या ठिकाणी ५०० रुपयांत, वीस मिनिटांत स्टिअरिंग सरळ झालं. म्हणजे आम्ही लुटायलाच बसलो आहोत.

त्या अलाइनमेंटच्या प्रिंटचा फोटो आपण सोबत टाकलात ते बरं झालं. त्या कागदावर टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) हिरवा म्हणजे मर्यादेत आहे, कॅम्बर (समोरून पाहता चाक किती कललेलं आहे तो कोन) हिरवा आहे आणि कास्टरच्या (चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूने पाहता किती मागे कललेला आहे त्या कोनाच्या) रकान्यात दोन्ही बाजूंना नुसत्या रेघा आहेत. रेघा असल्या की तो कोन मोजलेलाच नसतो. गाडी मशीनवर उभी केली म्हणून कास्टर कळत नाही. पुढची चाकं टर्नटेबलवर (फिरत्या तबकड्यांवर) घ्यायची, ब्रेक दाबून धरायचा, स्टिअरिंग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ठरावीक अंश वळवायचं, तेव्हा मशीन तो आकडा काढतं. पाच-दहा मिनिटं जास्त जातात आणि ग्राहकाला वेगळं काही दिसत नाही, त्यामुळे घाईत ही पायरी सर्रास गाळली जाते. खड्ड्यात आपटलेल्या गाडीत नेमकी तीच गाळून चालत नाही.

आमच्याकडचे आकडे आपल्या जॉब कार्डावर आहेत. कास्टर उजवीकडे ३.४ अंश, डावीकडे २.३. दोन बाजूंमध्ये साधारण अर्ध्या अंशापर्यंत फरक खपतो, इथे तो १.१ आहे. ज्या बाजूचा कास्टर कमी, त्या बाजूला गाडी जाते. टो बिघडला तर स्टिअरिंग वाकडं दिसतं आणि टायर कडेने झिजतात, पण पुढच्या चाकांच्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही, कारण चालताना दोन्ही चाकं तो फरक आपसांत वाटून घेतात. तेव्हा आपल्या तक्रारी मुळात दोन होत्या. ५०० रुपयांत एक गेली. दुसरी आहे तशीच आहे, हे आपणच लिहिलं आहे: "थोडी डावीकडे जाते, पण तो रस्त्याचा उतार आहे असं त्यांनी सांगितलं."

उताराची गोष्ट अगदीच खोटी नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. डाव्या बाजूने चालताना चांगली गाडीही किंचित डावीकडे सरकते. पण उताराचा दोष असेल तर रस्त्याच्या ऐन मधोमध तो नाहीसा व्हायला हवा. आम्ही जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) मोकळ्या रस्त्यावर मधोमध चालवून पाहिली, तिथेही गाडी डावीकडेच गेली.

आता टायरांबद्दल. गाडी आली तेव्हा पुढच्या डाव्या टायरमध्ये २६ पीएसआय हवा होती, बाकी तिघांत ३२ ते ३३. एका बाजूची हवा कमी असली तर गाडी त्याच बाजूला ओढते, म्हणून आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे चारही टायरांची हवा सारखी केली आणि पहिली फेरी मारली. ओढ कमी झाली, गेली नाही. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवून दुसरी फेरी. आपल्याला हा टाइमपास वाटला, पण या एका कृतीत टायरचा निकाल लागतो. जोराच्या आघाताने टायरच्या आतला स्टीलचा पट्टा सरकू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि गाडी एका बाजूला ओढत राहते. टायरांची अदलाबदल केल्यावर ओढ उजवीकडे गेली असती किंवा नाहीशी झाली असती, तर दोष टायरचा ठरला असता. ती डावीकडेच राहिली, म्हणजे दोष टायरचा नाही. (बाणाची खूण असलेल्या, एकाच दिशेने फिरणाऱ्या टायरांना ही युक्ती चालत नाही. आपले तसे नाहीत.)

चाक खाली उतरलं होतं तेव्हाच टायरची आतली भिंत पाहिली. बाहेरच्या भिंतीवरचा फुगा मालकाला दिसतो, आतला दिसत नाही, आणि फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. त्याला पॅच नाही, टायर बदलायलाच लागतो. आपल्याकडे फुगा नव्हता. रिमच्या आतल्या काठाला मात्र लहानसा खड्डा होता आणि साबणाचं पाणी लावल्यावर तिथून बुडबुडे येत होते. २६ पीएसआयचं कारण ते. डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) लावून रिम फिरवली, डुगडुग ०.६ मिलिमीटर निघाली. एक मिलिमीटरच्या आत असल्याने रिम बदलायला सांगितली नाही. कडा घासून साफ केली, सीलर लावून टायर परत बसवला. याचे वेगळे पैसे बिलात नाहीत. सत्तर-ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असतं तर रिमवर संशय जास्त धरला असता, पण तशी तक्रार आपली नव्हतीच.

मग लिफ्ट. चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं तर टाय रॉडचा (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा) प्ले, म्हणजे सैलपणा, कळतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा गोल सांधा) किंवा बेअरिंगचा. दुसऱ्याने ब्रेक दाबल्यावर ते हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही राहिलं तर बॉल जॉइंट. आपल्या गाडीत बारा-सहाला काही नव्हतं. नऊ-तीनला डाव्या बाजूला टकटक होती. खात्रीसाठी गाडी जमिनीवर उतरवली, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवलं आणि दुसऱ्याने खालून सांध्यावर बोट ठेवलं. टाय रॉड एंडचं (रॉडच्या चाकाकडच्या सांध्याचं) रबरी बूट फाटलेलं आणि आतला सांधा सैल. एस्टिमेटमधला ४८० रुपयांचा भाग हाच.

लोअर आर्मवर (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या पत्र्याच्या भुजेवर) आम्ही कसे आलो ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपला सगळा राग त्या २,३५० रुपयांवर आहे. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं. डावीकडे ते ११ मिलिमीटर कमी भरलं, म्हणजे डावं चाक मागे ढकललं गेलं आहे. चाक मागे जातं ते तीन कारणांनी: आर्म वाकला, आर्मचं मागचं बुश (रबरी जोड) फाटलं किंवा आर्म जिला जोडलेला असतो ती चौकट, म्हणजे सबफ्रेमच सरकली. सबफ्रेमच्या बोल्टभोवतीच्या मातीच्या आणि गंजाच्या खुणा जागच्या जागी होत्या, वॉशर सरकल्याचा ताजा चकचकीत ओरखडा कुठेही नव्हता. बुशला पहार लावून पाहिली, रबर शाबूत. आर्मवर मात्र बॉल जॉइंटच्या जरा मागे रंगाला सुरकुती पडून तडा गेला आहे. पत्रा वाकल्याशिवाय रंग असा तडकत नाही. त्याचा फोटो आपल्याला त्याच दिवशी पाठवला होता.

शॉकअप वाकला असेल का, हेही पाहिलं, कारण तो आर्मपेक्षा बराच महाग पडतो. कॅम्बर डावीकडे उणे ०.३, उजवीकडे उणे ०.२, टायर आणि स्प्रिंगच्या खालच्या बशीमधली फट दोन्हीकडे सारखी, तेलाची गळती नाही. म्हणून एस्टिमेटमध्ये शॉकअप नाही.

दुसरीकडे स्टिअरिंग सरळ कसं झालं? आपल्यासारख्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे फक्त टो जुळवता येतो, तोही टाय रॉड फिरवून. वाकलेल्या आर्मने बिघडवलेला टो त्यांनी रॉड फिरवून भरून काढला. खात्री करायची असेल तर स्टिअरिंग सरळ ठेवून खाली वाका आणि दोन्ही टाय रॉडवर लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा. दोन बाजूंत एक-दोन आट्यांचा फरक असतोच. जास्त असेल तर दुखणं झाकलं गेलं आहे. काही ठिकाणी याहून वाईट करतात, स्टिअरिंगचं चाकच काढून एक दात फिरवून बसवतात. त्यात एअरबॅगच्या स्पायरल केबलचा (स्टिअरिंगच्या चाकाखालच्या गुंडाळलेल्या वायरीचा) मध्य चुकू शकतो आणि रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी दांडी, मध्याबाहेरच राहते. आपल्या गाडीत तसं झालं आहे असं मी म्हणत नाही.

वाकलेला आर्म आणि सैल टाय रॉड एंड ठेवून आम्ही टो जुळवून दिला असता तर आपले ५०० रुपये तेव्हाच वाया गेले असते. सैल सांध्यावर जुळवलेला टो टिकत नाही, आणि पुढे आर्म बदलला की अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते. गॅसने तापवून आर्म सरळ करून देणारेही भेटतील. कृपा करून ते करू नका. तापवलेल्या पत्र्याची ताकद जाते आणि तो पुढे कुठे तुटेल ते सांगता येत नाही.

एस्टिमेट पुन्हा मांडतो: लोअर आर्म बॉल जॉइंट आणि बुशसकट २,३५०, टाय रॉड एंड ४८०, मजुरी १,१००, कास्टर मोजून पूर्ण अलाइनमेंट ५००. एकूण ४,४३०. उजव्या बाजूचं काही नाही, कारण तिथे काही बिघडलेलं नाही. हे काम आमच्याकडेच करावं असा आग्रह नाही. कुठेही करा, फक्त दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि बॉल जॉइंट व टाय रॉड एंडचे नट नवे घाला, जुने लॉकनट पुन्हा वापरू देऊ नका.

तोवर एक करा. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी हळू मागे-पुढे घ्या. चाक मागे सरकलं असल्याने डावा टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता आहे. घासल्याचा आवाज आला किंवा खड्ड्यावरून जाताना डावीकडून 'ठक्' ऐकू आलं, तर एक्सप्रेस-वेवर गाडी नेऊ नका.

आमच्या मोजमापावर शंका असेल तर कोणत्याही वर्कशॉपमध्ये कास्टरसह प्रिंट काढून घ्या. दोन बाजूंमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत निघाला तर तो कागद घेऊन या, तपासणीचे ६०० रुपये परत मिळतील. मोजायला जाण्याआधी टायर थंड असताना चारही चाकांची हवा स्टिकरप्रमाणे भरा आणि डिकीतलं जड सामान काढून ठेवा, नाहीतर आकडे चुकीचे येतील.