पी.टी.चा तास राबवा, घाम न गाळता

मुख्याध्यापक साहेब, घाबरू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यास आणि खेळ यांच्यातल्या भिंती पाडायला सांगितल्यात, वर्गात शिकवतानाही देशी खेळांचा वापर करायला सांगितलाय, हे खरं. पण वेळापत्रक तुमच्याच हातात आहे की!

पी.टी.चा तास शेवटचा ठेवा, म्हणजे गणिताच्या सरांना देऊन टाकताना कुणाचं मन दुखत नाही. दहावीच्या पोरांना तर आता सवयच झालीय. फळ्यावर 'पी.टी.' दिसलं की ती भूमितीची वही काढतात. पाडली की नाही भिंत?

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला की शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक नेमा म्हटलंय. चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी अडकवा, झालं. मैदानही कायद्यानं सक्तीचं आहे; ते असू द्या, स्कूल बस उभ्या करायला जागा लागतेच.

योगाला मात्र कमी पडू देऊ नका. २१ जूनला कोल्हापुरात पाऊस ठरलेला, तेव्हा हॉलमध्ये सतरंज्या टाका. पुढच्या रांगेत इस्त्रीचे गणवेश बसवा. पाहुण्यांना वज्रासन झेपत नसेल तर खुर्ची द्या, खुर्चीत त्यांना बरोबर जमतं. वृक्षासनात सगळी पोरं एका पायावर आली की त्याच क्षणी फोटो काढा. जरा उशीर झाला की मागची रांग एकमेकांच्या अंगावर कोसळते आणि तेच पोर्टलवर जातं. शवासनाचा सराव नको. सातव्या तासाला तो रोज होतोच.

भाषणात शाहू महाराजांचं कुस्तीचं खासबाग मैदान घ्या. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक आणि पैलवान खाशाबा जाधवांचं कांस्यपदक आलं की आवाज चढवा. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांना तिथं पाठवायला घर गहाण टाकलं होतं, तेवढं मात्र गाळा. ते ऐकून एखादं पोरगं फुटबॉल मागायला यायचं, आणि क्रीडासाहित्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे तुम्हालाही आठवायचं नाही.

दहावीचे फॉर्म भरायच्या सुमाराला काही पालक खेळाच्या वाढीव गुणांची चौकशी करत येतील. त्यांना बसवा, चहा पाजा. पोरगं कुठला खेळ खेळतं, हे विचारू नका. ते अजून ठरायचं असतं.