भाड्याचा पत्ता घेणाऱ्यांस काही सूचना

घरच्या घरी खणाच्या पर्स शिवून विकणाऱ्या होतकरू व्यावसायिकाने प्रथम हे मान्य करावे की, शिवण कितीही सुबक असली तरी ‘कामोठे, 410209’ असा पत्ता छापलेल्या मालाला वजन नसते. आपण नवी मुंबईत राहतो असे आपण पाहुण्यांना सांगत असतो, पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड, हे तो पिनकोड चारचौघांत उघड करतो. त्याऐवजी ‘वाशी, 400703’ असे छापले की तीच पर्स एकदम प्रतिष्ठित दिसू लागते. शिवाय सोसायटीच्या चिटणीसांकडून व्यवसायासाठी ना हरकत पत्र मिळवण्याचा प्रयत्न तुम्ही करून पाहिला असेलच. तेव्हा वाशीत पत्ता भाड्याने घ्यावा. तुमच्या नावाचे टपाल तेथे कोणीतरी स्वीकारील, जपून ठेवील आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवील, असे ही सेवा देणारे सांगतात आणि वर्षभराचे पैसे आगाऊ घेतात.

सेवा निवडताना टपाल कोठे ठेवतात, हे विचारू नये. काचेचा दरवाजा, मनीप्लांटची कुंडी आणि कॉफीचे यंत्र पाहावे आणि सही करावी.

करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे नोंदणीची गरज नाही, असे तेथील गृहस्थ हसून सांगतील. त्यांच्यावर विश्वास ठेवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी जागा देणाऱ्याची असते, ही किरकोळ बाब काढून त्यांचा विरस करू नये. गाळा त्यांनी स्वतःही भाड्यानेच घेतलेला असतो आणि महावितरणचे बिल तिसऱ्याच माणसाच्या नावावर येते. जीएसटी नोंदणीच्या अर्जाला त्या तिसऱ्या माणसाचे संमतिपत्र जोडावे लागते; त्यावरची सही त्याचीच आहे का, हा प्रश्न मनात आल्यास कॉफी घ्यावी.

दारावर पाटी लावण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. नोंदणी प्रमाणपत्र व्यवसायाच्या ठिकाणी ठळक जागी लावावे आणि जीएसटी क्रमांक प्रवेशद्वारावरच्या नामफलकावर असावा, असे जीएसटीचा नियम 18 सांगतो. परंतु एकेका गाळ्यात इतक्या कंपन्या नांदत असतात की सर्वांचे फलक लावले तर दरवाजाच दिसणार नाही. पडताळणीसाठी अधिकारी आलाच, तर टेबलामागचा मुलगा ‘या नावाचे इथे कोणी नाही’ असे अत्यंत नम्रपणे सांगेल. पुढे ‘तुमची नोंदणी रद्द का करू नये’ अशी आरईजी-17 ही नोटीस निघेल आणि उत्तरासाठी कामकाजाचे सात दिवस मिळतील. ही नोटीस मात्र तुम्हाला वेळेवर मिळेल, कारण ती पोर्टलवर येते आणि मध्ये तो मुलगा नसतो.

चेकबुक याच पत्त्यावर मागवावे. ते बँकेत सुखरूप परत जाते.

आता महत्त्वाची सूचना. तुमच्याकडे मोठी मागणी येणार असेल, तर ती शक्यतो टपालानेच मागवावी. नाशिकच्या एका संस्थेने वार्षिक समारंभासाठी माझ्याकडे पर्सची मागणी नोंदवायचे ठरवले. संस्था जुन्या वळणाची असल्याने सहीशिक्क्याचे पत्र आणि आगाऊ रकमेचा धनादेश असे दोन्ही पाकिटात घालून त्यांचे लेखापाल रजिस्टर करायला गेले. रजिस्टर टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले असल्याचे त्यांना खिडकीवर कळले, म्हणून त्यांनी ते स्पीड पोस्टाने पाठवले आणि पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक मला कळवला. टपाल खात्याने आपले काम चोख केले. संकेतस्थळावर ‘वितरित’ असे दिसले. मी वाशीला दूरध्वनी केला, तर ‘मॅडम, असे काही आलेच नाही’ असे उत्तर मिळाले. मानसरोवरहून हार्बर लोकलने तेथे जाऊन मी तो क्रमांक दाखवला, तर ‘पोस्टमनने खोटे लिहिले असेल’ असे ऐकवण्यात आले. टपाल कार्यालयातल्या पोचपावतीवर वाशीच्या याच कार्यालयाचा गोल शिक्का आणि खाली एक वळणदार सही निघाली, ती दाखवली तेव्हा ‘तो मुलगा आता नोकरी सोडून गेला’, हे नवे ज्ञान प्राप्त झाले. सोडून गेलेल्या मुलाने पाकीट गावी तर नेले नाही ना! कपाट उघडून पाहा म्हटले, तर कपाटाची किल्ली सरांकडे, सर अंधेरीच्या शाखेत, आणि अंधेरीच्या शाखेत विचारले तर सर वाशीला गेलेले. नाशिकहून लेखापालांचे फोन येत राहिले आणि त्यांना काय सांगावे हे मला सुचेना. दुसरा धनादेश काढायचा तर पहिला थांबवायला हवा आणि त्यासाठी कार्यकारी मंडळाची सभा हवी. मंडळाने सभा घेतली आणि मागणी दुसऱ्याला दिली.

त्यानंतर एके दुपारी व्हॉट्सअॅपवर छायाचित्र आले: ‘मॅडम, तुमचे पाकीट मिळाले.’ आयात-निर्यात करणाऱ्या कोणत्यातरी कंपनीच्या खणात ते पडून होते, कारण दोन्ही नावांचे पहिले अक्षर एकच होते. धनादेश त्याच्या तारखेपासून तीनच महिने वटतो. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून सहा महिन्यांची मुदत निम्म्यावर आणली, तेव्हा वाशीतल्या या कपाटाचा कोणी विचार केला नसावा. ती मुदत उलटली होती. आणि छायाचित्राखाली बिल होते: ठरलेल्या काळापेक्षा अधिक दिवस टपाल सांभाळल्याबद्दल साठवणूक शुल्क, अधिक अठरा टक्के जीएसटी.

सांभाळल्याबद्दल! अहो, हरवलेत तुम्ही ते. नाही म्हणून सांगितलेत, पोस्टमनला खोटे पाडलेत, आणि त्याच दिवसांचे भाडे माझ्याकडे मागता?

कंपनी कायदा, 2013 चे कलम 12 म्हणते की कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय सर्व पत्रे आणि नोटिसा स्वीकारण्यास आणि त्यांची पोच देण्यास समर्थ असले पाहिजे. माझी कंपनी नाही, एकटीचा व्यवसाय आहे, पण तुमच्या त्या गाळ्याच्या पत्त्यावर कितीतरी कंपन्या नोंदलेल्या आहेत, हे तुम्हीच जाहिरातीत अभिमानाने सांगता. पोच देण्यात तुम्ही समर्थ आहात, शिक्का तयारच असतो. त्या कंपन्यांपैकी एखाद्याचा धनादेश वटला नाही आणि त्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 ची नोटीस तुमच्या शिक्क्यानिशी घेतली गेली, तर पैसे भरण्याचे पंधरा दिवस तेथूनच मोजले जातात. तुमच्या खणात ती कोणाच्या नावाखाली पडली आहे, हे न्यायालय विचारत नाही. त्या माणसावर फौजदारी तक्रार दाखल होईल, आणि तुम्ही त्याला साठवणुकीचे बिल पाठवाल.

तुमच्याकडून फार अपेक्षा नव्हती. एक वही ठेवायची, तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, टपालाचा क्रमांक आणि कोणाचे आहे ते लिहायचे आणि संध्याकाळपर्यंत ज्याचे त्याला कळवायचे. पूर्वी प्रत्येक शाळेत आणि पतपेढीत आवक-जावक नोंदवहीत हेच काम एक कारकून करीत असे. तुम्ही वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन एवढेही करत नाही, मात्र नूतनीकरणाची आठवण महिनाभर आधीपासून दररोज सकाळी न चुकता पाठवता. ते नूतनीकरण मी करणार नाही. साठवणूक शुल्कही भरणार नाही. माझ्या नावाचे आणखी जे काही त्या कपाटात असेल ते बाहेर काढा, किल्ली सरांकडे असेल तर सरांना बोलवा, आणि तुमच्या शिक्क्यानिशी लिहून द्या की आता काही शिल्लक नाही.